मलेरियाची रॅपिड किट: पावसाळ्यात घ्यावी का?

तपासणीच्या दोन रेघांची कॅसेट. मलेरियाच्या दोन परजीवींची प्रथिनं ती रक्तात शोधते: फाल्सिपेरमसाठी एचआरपी-२, व्हायवॅक्ससाठी पीएलडीएच. गोव्यात व्हायवॅक्सच जास्त, तेव्हा नुसती एचआरपी-२ वाली किट इथे घेऊच नका.

वापर सोपा. बोटाचा पहिला थेंब पुसा, ५ मायक्रोलिटर रक्त खाचेत, बफरचे थेंब पत्रकात असतील तेवढेच, मग सांगितलेली १५-२० मिनिटं. तासाभराने उमटलेली फिकट रेघ धरायची नाही. कंट्रोलची, म्हणजे चाचणी नीट चालली हे दाखवणारी वेगळी रेघच आली नाही तर कॅसेट बाद. पाकीट आधीच फोडून ठेवलं की आपली जूनमधली दमट हवा पट्टी खराब करते.

खरी गोची वेगळीच. काही फाल्सिपेरम परजीवींमध्ये एचआरपी-२ चं जनुकच गळालेलं असतं. प्रथिनच नाही, मग रेघ कुठून येणार? २०१० मध्ये पेरूत हे नोंदलं गेलं, पुढे एरिट्रियात. भारतातही असे नमुने सापडलेत. अशा चुकीच्या निगेटिव्हचं प्रमाण ५ टक्क्यांवर गेलं की किट बदला, असं डब्ल्यूएचओ सांगते. उलट बाजूही आहे: औषध पुरं झाल्यावरही एचआरपी-२ काही आठवडे रक्तात रेंगाळतं, म्हणून बरं झालं का हे तपासायला ही किट निरुपयोगी.

पाचपैकी साडेतीन. थंडी-ताप आहे आणि किट निगेटिव्ह, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात रक्ताची स्लाईड काढायची.