कॅमेरे आमचे, मालक भलताच: ऐरोलीच्या सोसायटीला ८६,१४० रुपयांचा चुना

सीसीटीव्हीचं 'ऑडिट' करतो म्हणून आलेल्या एका माणसाने आमच्या सोसायटीला फसवलं. आधी आकडे सांगतो, म्हणजे "थोडक्यात निभावलं" म्हणणारे गप्प बसतील. ऑडिट १४,१६०. 'सिक्युरिटी गेटवे' नावाचा डबा ३८,९४०. वर्षाचं लायसन्स २१,२४०. नवी हार्ड डिस्क ११,८००. जीएसटीसकट एकूण ८६,१४० रुपये, सोसायटीच्या खात्यातून, चेकने, छापील बिल घेऊन. चेकवर सेक्रेटरींची आणि माझी सही. मी खजिनदार.

आलेला माणूस चाळिशीचा, गळ्यात निळ्या पट्टीचं ओळखपत्र, हातात फाइल. फाइलमध्ये राजपत्राची प्रत, आणि ती प्रत चक्क खरी होती. केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाची ९ एप्रिल २०२४ ची अधिसूचना. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचण्या सक्तीच्या, अंमल ९ एप्रिल २०२५ पासून. तारखेवर पिवळा मार्कर फिरवलेला. "तुमची मुदत उलटून गेलीय साहेब," असं म्हणाला. आता माहीत झालंय की तो नियम कॅमेरे बनवणाऱ्यांना, आयात करणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना आहे. भिंतीवर आधीच लागलेल्या कॅमेऱ्यांचं सोसायटीने ऑडिट करून घ्यावं, असं त्यात कुठेही नाही. पण सोसायटीच्या ऑफिसात उभ्या उभ्या इंग्रजी राजपत्र कोण वाचतं? आज सोसायटीच्या ग्रुपवर अक्कल पाजळणाऱ्यांनी तरी वाचलं असतं का?

"तुम्ही तर कंप्युटरवाले" हा टोमणा आता रोजचा झालाय. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत मी डेटाचं काम करतो, दिवसभर दुसऱ्यांच्या तक्त्यांतल्या विसंगती शोधतो. तेव्हा एकदाच सांगतो: मला माहिती होती म्हणूनच त्याचं बोलणं पटलं. २०१६ साली 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्याच्याकडे हत्यार काय, तर कंपनीकडूनच येणाऱ्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये असल्या उपकरणांनी एकदम गर्दी करून ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स काही तास लोळवल्या. आणि आमच्या डीव्हीआरचा पासवर्ड काय होता? ॲडमिन, १२३४५. जुन्या इन्स्टॉलरने ठेवलेला, कधी कोणी बदललाच नव्हता. (आत्ता उठून तुमचा बघा. पुढचं नंतर वाचा.)

आता तो क्षण. आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

"तुमचे कॅमेरे इंटरनेटवर उघडे पडलेत, कोणीही बघू शकतो," असं म्हणून त्याने स्वतःचा मोबाइल आमच्यासमोर धरला. स्क्रीनवर बी विंगची लिफ्ट, पाण्याची टाकी, आणि ऑफिसात तोंड वासून उभे असलेले आम्ही चौघं. सेक्रेटरी तर खुर्चीतच बसले. पण चित्र येण्याआधी त्याने ॲप उघडलं, तेव्हा आधी एक यादी आली होती. एकाखाली एक सोसायट्यांची नावं. त्यात आमचं नाव. त्याने अंगठ्याने यादी वर सरकवली, आमच्या नावावर टेकवला, चित्र आलं. कुठलाही पत्ता टाकला नाही, पासवर्ड टाकला नाही. मेव्हण्याचा नंबर फोनमध्ये सेव्ह असावा, तसे आम्ही त्याच्याकडे सेव्ह होतो! बाहेरून शिरणाऱ्याला काहीतरी शोधावं लागतं, टाइप करावं लागतं. त्याच्या फोनवर चित्र येण्याचे मार्ग तीनच: लाइन खरंच उघडी आहे, पासवर्ड ठाऊक आहे, किंवा त्याचं खातं आधीपासून आत बसलंय. कॅमेरे उघडे असल्याचा पुरावा म्हणून त्याने जे दाखवलं, तो खरं तर तोच आत बसल्याचा पुरावा होता. पण स्वतःचीच पाठ परक्याच्या मोबाइलवर दिसत असताना डोकं चालत नाही. करून बघा.

महिनाभराने गेटचा कॅमेरा बंद पडला म्हणून दुसरा टेक्निशियन बोलावला, तेव्हा सगळं बाहेर आलं. डीव्हीआर मूळ ज्या खात्याला जोडलेला होता ते आमचं नव्हतंच. कॅमेरे बसवताना बॉक्सवरचा क्यूआर जो पहिल्यांदा स्कॅन करतो, ॲपच्या लेखी मालक तोच. बाकीच्यांना तो नुसतं 'शेअर' देतो. इतकी वर्षं आम्ही आमचेच कॅमेरे दुसऱ्याच्या मेहेरबानीवर बघत होतो. मालकाच्या ईमेलची पहिली दोन अक्षरं दिसत होती, पुढे चांदण्या. ती अक्षरं जुन्या इन्स्टॉलरच्या दुकानाच्या नावाची. त्याचा फोन बंद, दुकानाच्या जागी आता मोमोजवाला.

आणि 'लाइन उघडी'? राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ने सुरू होतो. म्हणजे इंटरनेट कंपनीने बऱ्याच ग्राहकांना एका सामाईक पत्त्यामागे ठेवलंय. बाहेरून थेट आमच्या डीव्हीआरपर्यंत वाटच नाही. ३८,९४० चा गेटवे? स्टिकर नखाने उचकटला, खाली साधा वायफाय राउटर. बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला, तर नोंदणी रद्द झालेली. हे तपासायला पैसे लागत नाहीत, लॉगिनही लागत नाही. कोणालाही चेक देण्याआधी तपासा.

पण खरी जखम हार्ड डिस्कची आहे. "हिला व्हायरस लागलाय, नष्ट करावी लागेल," म्हणून जुनी डिस्क तो घेऊन गेला. कोण किती वाजता घराबाहेर पडतं, कोणाकडे कोण येतं, मुलांना शाळेच्या बसला कोण सोडतं, सगळं त्या डिस्कवर आहे. डिस्क काहीही झालं तरी बाहेर जाऊ देऊ नका. बिघडली असेल तर समोर फोडून घ्या.

आता तक्रारीची गंमत. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: "बिल आहे, वस्तू मिळाली, मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा." कॅमेऱ्यात परका माणूस बसलाय म्हटलं, तर "ते सायबरचं." सायबरवाले म्हणे, रक्कम लहान आहे, पोलीस ठाण्यातच द्या. पुन्हा पोलीस ठाण्यात, तर आयटी कायद्याचा तपास पीआयनेच करायचा असतो आणि साहेब बंदोबस्ताला. हे कलम खरं आहे, ७८. पण तपास पीआयने करायचा म्हणून तक्रारही घ्यायची नाही, हे कुठल्या कलमात? मग निघालं की त्या माणसाचं बँक खातं ठाणे शहरातल्या शाखेचं, "म्हणजे हद्द ठाणे शहराची." अहो, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची तक्रार घ्यावीच लागते, कलम १७३! हे मी बोललो, तर हवालदार म्हणाले, "तुम्ही वकील का?" बँकेने तर कळस केला: चेक वटलाय, खातेदाराची माहिती गोपनीय. आमचं जिन्यातलं येणंजाणं लोकांच्या मोबाइलवर, आणि चोराचं नाव गोपनीय! शेवटी अर्जावर नुसता पोच शिक्का मिळाला. तुम्हीही लेखीच द्या, शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. १९३० ही हेल्पलाइन ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच फिरवा. चेक देऊन महिना उलटलेल्यांना तिचा काय उपयोग?

सर्वसाधारण सभेत दोन सभासदांनी एम-२० बाँड (कमिटीच्या निर्णयांची जबाबदारी आमची, असं कमिटी सदस्य लिहून देतात ते हमीपत्र) काढून दाखवला, कमिटीने पैसे खिशातून भरावेत म्हणून. ऑडिटचा ठराव त्याच दोघांनी मांडला होता आणि अनुमोदन दिलं होतं, मिनिट बुकात आहे.

त्या यादीतली आम्हाला आठवणारी नावं ऐरोली, घणसोली आणि कळव्याकडची होती. तुमच्या डीव्हीआरच्या ॲपमध्ये 'शेअर्ड' असं दिसत असेल, तर मालक तुम्ही नाही. खरेदीचं बिल आणि डीव्हीआरवरचा सिरियल नंबर घेऊन कॅमेऱ्याच्या कंपनीच्या कस्टमर केअरकडून जुनं खातं सोडवून घ्या. आमचं सुटलं, पण बिल शोधायला जुन्या सेक्रेटरींचं माळ्यावरचं कपाट उपसावं लागलं. निळी पट्टी घालून कोणी आलाच, तर तो आधी डीव्हीआरच्या खोलीची किल्ली मागेल.