गंगापूर रोडच्या बागेतला हास्यक्लब : कोणी जावं, कोणी थांबावं

नाशकात सकाळी फिरायला बाहेर पडलं की कुठल्या ना कुठल्या बागेतून ‘हो हो, हा हा हा’ कानावर येतंच. गंगापूर रोडच्या बाजूला एका छोट्या बागेत भरणारा हा क्लब त्यातलाच एक. फी नाही, फॉर्म नाही. साडेसहाला पंचवीस-तीस माणसं गोल करून उभी राहतात, सातला पांगतात. बहुतेक मंडळी निवृत्त, त्यात बायका जास्त.

नवीन येणाऱ्याला वाटतं, इथे विनोद सांगत असतील. तसं काही नाही. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत लोखंडवाला भागातल्या बागेत पाच जणांना घेऊन पहिला क्लब सुरू केला, तेव्हा खरोखरच विनोद सांगत. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले आणि कुणाच्या तरी जिव्हारी लागणारे सुरू झाले. मग विनोद काढून टाकले आणि हसण्यालाच व्यायामासारखं बसवलं. इथेही तीच पद्धत आहे, आणि ती नीट पाळली जाते.

सुरुवात टाळ्यांनी होते. तळव्यावर तळवा, बोटांवर बोटं अशी पूर्ण टाळी. लय एक-दोन, एक-दोन-तीन, आणि तोंडाने ‘हो हो, हा हा हा’. हा ‘हो’ पोटातून यायला हवा. बेंबीवर हात ठेवून बघा : प्रत्येक ‘हो’ला पोट आत गेलं तर बरोबर. पोट हललंच नाही, तर आवाज नुसत्या गळ्यातून येतोय आणि तीन-चार दिवसांत घसा बसणार. ‘हास्यक्लबाने घसा धरला’ अशी तक्रार असते, तिचं कारण बहुतेक वेळा हेच.

पुढे एकेक प्रकार, प्रत्येकी तीस-चाळीस सेकंद. नमस्कार हास्यात हात जोडून समोरच्याच्या डोळ्यांत बघत हसायचं. लस्सी हास्यात दोन काल्पनिक पेले एकमेकांत ओतून प्यायचं. भांडण हास्यात तर्जनी नाचवत हसायचं, आणि लगेच क्षमा हास्यात कानाच्या पाळ्या धरायच्या. सिंह हास्यात जीभ पूर्ण बाहेर, डोळे मोठे, पंजे पुढे. सगळ्यात लाजून केला जाणारा प्रकार हाच, आणि घसा-जबडा मोकळा करायला उपयोगी प्रकारही हाच. अर्धवट जीभ काढून काही साधत नाही.

या क्लबाची खरी जमेची बाजू दोन प्रकारांच्या मधल्या वेळात दिसते. घेणाऱ्या बाई प्रत्येक हास्यानंतर टाळ्या घेतात आणि मग दोन दीर्घ श्वास : हात वर नेत नाकाने आत, चार-पाच सेकंद थांबा, मग हात खाली आणत सावकाश बाहेर. बाहेर सोडायला आत घेण्यापेक्षा जास्त वेळ. उरकायच्या घाईत हा भाग गाळला, तर मोठमोठ्याने हसताना शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात, एखादा मटकन खाली बसतो. इथे तसं होऊ दिलं जात नाही. कुठलाही हास्यक्लब निवडताना आधी हेच पाहावं.

आता उणिवा. मूक हास्यात तोंड सताड उघडं ठेवून आवाज न करता हसायचं असतं. मागच्या बाजूचे काही जण तोंड घट्ट मिटून दाबून हसतात आणि त्यांना कुणी सुधारत नाही. दाबून हसलं की पोटात नको तेवढा ताण येतो. हर्निया असेल तर तो ताण धोक्याचा.

त्याहून गंभीर म्हणजे, नव्याने आलेल्याला तब्येतीबद्दल काहीच विचारलं जात नाही. हर्निया, रक्त पडणारी मूळव्याध, छातीत दुखणारा हृदयविकार, काचबिंदू, अंग बाहेर येण्याचा त्रास, फिट्स, गरोदरपण, किंवा गेल्या तीन महिन्यांत झालेलं ऑपरेशन : यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोलात उभं राहू नये. सर्दी-खोकला, ताप असेल तर बरं होईपर्यंत घरीच थांबावं, कारण सगळे तोंड उघडून हसत असतात. आणि हे विचारायचंही एकेकाला बाजूला घेऊन. तीस जणांसमोर मूळव्याधीबद्दल कोण तोंड उघडेल? खोकताना-शिंकताना लघवीचे थेंब सुटण्याचा त्रास पुष्कळ बायकांना असतो आणि त्यापायी कित्येकजणी दोन दिवसांत येणं बंद करतात. इथलं स्वच्छतागृह त्या वेळी बंद असतं, तेव्हा घरूनच जाऊन यावं.

गोलही फार मोठा होतो. हास्याची लागण डोळ्यांतून होते, म्हणून तर गोल करतात. पण तीस जणांच्या गोलात समोरच्याचा चेहरा धड दिसत नाही आणि हसणं नुसतं आवाज काढण्यावर येतं. पंधरा-पंधराचे दोन गोल केले तर फरक पहिल्याच दिवशी दिसेल.

शेवटी ‘बीपी गेलं, शुगर गेली’ अशी भाषणं होतात, ती थांबवायला हवीत. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, खळखळून हसल्यावर माणसं वेदना जास्त सहन करू शकतात असं आढळलं. ही गोष्ट मोठीच आहे, पण तिच्या जोरावर कुणी गोळ्या बंद करू नयेत. दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या माणसाला सकाळी पंचवीस जण नावाने हाक मारतात, एवढ्यासाठीसुद्धा हा क्लब टिकायला हवा.

जाणाऱ्यांसाठी थोडं : चहा चालेल, नाश्ता नंतर. गुडघे दुखत असतील तर खुर्ची मागा. बसूनही सगळे प्रकार होतात, फक्त पाठ ताठ हवी. डिसेंबर-जानेवारीत नाशकाची पहाट चांगलीच गार आणि कोरडी असते. दमेकऱ्यांनी तेवढे दोन महिने उन्हं आल्यावर भरणारा वर्ग शोधावा, आणि बाकीच्यांनी मफलर व कोमट पाण्याची बाटली आणावी. मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी जागतिक हास्यदिन असतो. त्या दिवशी गर्दी, स्पीकर आणि सत्कार यांतच वेळ जातो, श्वासाकडे लक्ष राहत नाही. पहिल्यांदा जायचं असेल तर तो रविवार सोडा आणि सोमवारी जा.