लहान मुलांच्या हाती काय द्यावं? इंद्रियसाधनं, मोकळ्या वस्तू आणि टॅबलेट

मूल दोन-अडीच वर्षांचं झालं की पालक विचारू लागतात, आता याच्यासाठी काय आणायचं? माँटेसरीचा लाकडी संच घ्यावा, वाळू, पाणी, माती आणि घरातल्या वस्तू पुरे समजाव्यात, की शिकवणारं एखादं अ‍ॅप टॅबलेटवर घालून द्यावं? ‘मूल इंद्रियांतून शिकतं’ असं तिन्हींच्या बाजूने सांगितलं जातं. ते खरंच आहे, पण तेवढ्यावरून निवड करता येत नाही. मी एकच कसोटी लावते. मुलाने काही केलं की समोरची वस्तू त्याला उत्तर देते का, आणि ते उत्तर हाताला कळतं का?

या कसोटीमागे एक जुना प्रयोग आहे. १९६३ मध्ये रिचर्ड हेल्ड आणि अ‍ॅलन हाइन यांनी मांजरीच्या पिल्लांच्या जोड्या एका फिरत्या यंत्राला जोडल्या. एक पिल्लू स्वतः चालायचं. दुसरं टोपलीत बसून त्याच्यामागे नुसतं फिरायचं. दोघांना दिसत होतं सारखंच, पण पाहून पंजा नेमका कुठे टेकवायचा हे स्वतः चालणारं पिल्लूच शिकलं. मुलं म्हणजे मांजरं नव्हेत, हे मान्य. तरी नजरेला हालचालीची जोड लागते, हे या प्रयोगातून स्पष्ट दिसतं.

लाकडी संच

मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. त्यांच्या साधनांची खुबी अशी की एक साधन एकच गुण दाखवतं. गुलाबी मनोरा म्हणजे एकावर एक रचायचे दहा घनाकृती ठोकळे. त्यांचा रंग एकच, बदलतं फक्त माप. सर्वांत लहान ठोकळ्याची बाजू १ सेंमी, सर्वांत मोठ्याची १० सेंमी. बाजू दहापट वाढली की घनफळ हजारपट होतं, आणि ठोकळे भरीव असतील तर वजनही. हा फरक डोळ्यापेक्षा मनगटाला जास्त कळतो. पुढे कधीतरी शाळेत घनाचं सूत्र येईल, पण त्याची जाणीव हाताला इथे आधीच झालेली असते.

मला स्वतःला दट्ट्यांचे ठोकळे सर्वांत हुशार साधन वाटतं. लाकडाच्या लांब ठोकळ्यात दहा खाचा आणि त्यांत बसणारे दहा दट्टे, असे एकूण चार ठोकळे. एका ठोकळ्यात फक्त जाडी बदलते. बारीक दट्ट्या मोठ्या खाचेत सहज जातो, त्यामुळे मूल खुशीत पुढे जातं. पण शेवटी हातात एक जाडा दट्ट्या उरतो आणि समोर असते बारीक खाच. ‘चुकलं’ म्हणायला तिथे कोणी मोठं माणूस लागत नाही. मूल थांबतं, मागे जातं, दट्टे काढून पुन्हा लावतं. दट्ट्याची मूठ तीन बोटांच्या चिमटीत धरावी लागते, आणि पुढे पेन्सिल धरायलाही हीच पकड लागते.

उणिवाही आहेत. संच महाग असतो आणि कपाटात जागा अडवतो. एकदा साधन पुरतं जमलं की मुलाचं त्याच्याशी काम संपतं. शिवाय मोठ्यांनी आधी करून दाखवायचं, मग मुलाने करायचं, हा क्रम प्रत्येक वेळी सोयीचा ठरतोच असं नाही. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांना अनेक करामती असलेलं एक नवं खेळणं दिलं. ज्यांना त्यातली एक करामत ‘शिकवली’, ती मुलं बहुतेक तिच्यातच रमली. ज्यांना काहीच शिकवलं नाही, त्यांनी इतर करामती जास्त शोधल्या. नेमकी गोष्ट शिकवायची तर दाखवणं चांगलं, पण शोध घेऊ द्यायचा असेल तर थोडं गप्प बसलेलं बरं.

मोकळ्या वस्तू

शोध घेण्यात मोकळ्या वस्तूंचा हात कोणी धरणार नाही. बसता येतं पण रांगता येत नाही अशा बाळांसाठी एलिनॉर गोल्डश्मीड यांनी ‘खजिन्याची टोपली’ ही कल्पना मांडली. टोपलीत लाकडी चमचा, धातूचं झाकण, ब्रश, कापडाचा तुकडा, मोठा गुळगुळीत दगड अशा रोजच्या वस्तू ठेवायच्या आणि प्लास्टिक टाळायचं. प्लास्टिकचा चेंडू काय नि प्लास्टिकचा ठोकळा काय, तोंडात घातला की सारखाच लागतो. धातू थंड असतो, वाजतो, जड लागतो. बाळाच्या दृष्टीने ही केवढी तरी माहिती आहे.

मोठ्या मुलांना पाणी, वाळू आणि माती पुरते. उंच अरुंद भांड्यातलं पाणी पसरट भांड्यात ओतलं तर कमी दिसतं. हे कोडं मूल कित्येक दिवस ओतून ओतून पाहत राहतं. अडचण एवढीच की पसारा होतो, आणि कोणीतरी जवळ असावंच लागतं. काही सेंटिमीटर खोल पाण्याजवळसुद्धा लहान मुलाला एकटं सोडू नये.

टॅबलेट

माझ्या कसोटीवर टॅबलेट मागे पडतो. पडद्यावरचा दगड, कापूस आणि पाणी बोटाला एकाच काचेसारखे लागतात. ठोकळा चुकीच्या जागी सरकवला तर आवाज येतो, बरोबर जागी सरकवला तर तारा चमकतो, पण तो अ‍ॅप बनवणाऱ्याने ठरवलेला निकाल असतो. वस्तूचं वजन किंवा तोल त्यात नसतो. अडीच-तीन वर्षांपर्यंतची मुलं तीच गोष्ट पडद्यावर पाहून कमी शिकतात आणि समोरच्या माणसाकडून जास्त, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालच्या मुलांना बसल्या जागी पडदा दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त नको. दूरच्या आजीशी व्हिडिओवर गप्पा मारणं मी यात धरत नाही, कारण तिथे समोरून खरं माणूस उत्तर देतं.

अक्षरओळखीसाठी अ‍ॅप घ्यायचा विचार असेल तर दोन गोष्टी आधी पाहाव्यात. फ्लोरांस बारा आणि सहकाऱ्यांना २००४ मध्ये असं दिसलं की अक्षरांचे उठावदार आकार बोटांनी चाचपणाऱ्या बालवर्गातल्या मुलांना अक्षर आणि ध्वनीची जोड जास्त चांगली जमली. २०१२ मध्ये कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांकडून काही अक्षरं स्वतः काढून घेतली, काही गिरवून घेतली, तर काही कळफलकावर दाबून घेतली. नंतर ती अक्षरं पाहताना, वाचनाशी संबंधित मेंदूचा भाग स्वतः काढलेल्या अक्षरांनाच ठळक प्रतिसाद देत होता. म्हणजे ठिपके जोडून गिरवायचे छापील कागदही अ‍ॅपहून फार वेगळे नाहीत. मुलाचं वेडंवाकडं अक्षर त्याला जास्त शिकवून जातं, म्हणून ते लगेच सुधारू नये.

मग निवड कशी करावी?

दोन वर्षांपर्यंत टोपली, पाणी आणि माणसं. एवढ्यावर पैसे खर्च करायची गरजच नाही. अडीच-तीन ते पाच या वयात मोकळ्या वस्तू चालूच ठेवाव्यात आणि त्यांच्या जोडीला दट्ट्यांचा एखादा ठोकळा आणि बोट फिरवून चाचपायची खरखरीत अक्षरं घ्यावीत. अख्खा संच नको. मूल माँटेसरी बालवाडीत जात असेल तर तीच साधनं घरी आणू नयेत. घरी त्याला खऱ्या कामात घ्यावं: ओतणं, पुसणं, घड्या घालणं. टॅबलेट आणायचाच असेल तर तो चार वर्षांनंतर, थोडा वेळ, आणि शेजारी बसून.

साधन जितकं साधं तितकं बरं. जूडी डिलोच आणि डेव्हिड यूटल यांच्या कामातून दिसतं की वस्तू स्वतःच फार आकर्षक असेल तर ती कशाचं तरी चिन्ह आहे हे लहान मुलाच्या लक्षात येणं अवघड जातं. पाय-डोळे लावलेला अंक मुलाला प्राणी वाटतो, अंक वाटत नाही. ‘तुमचं मूल दृश्य प्रकारचं की श्रवण प्रकारचं’ असं विचारून विकले जाणारे संच सरळ बाजूला ठेवावेत. अशा विभागणीनुसार शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा नसल्याचं हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच दाखवलं.

शेवटी सुरक्षितता. सुमारे ३२ मिमी व्यासाच्या नळीत मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाला देऊ नये, ती घशात अडकू शकते. गुलाबी मनोऱ्याचे सर्वांत लहान दोन ठोकळेही या मापात बसतात, म्हणून तेवढे उचलून ठेवावेत. बटणासारखे सेल आणि सुटे लोहचुंबक घरात मुलाच्या हाती लागतील असे नसावेत. पाण्यात फुगणारे रंगीत मणी ‘इंद्रियखेळ’ म्हणून विकले जातात, ते आणूच नयेत. मुलाने गिळले तर ते पोटात फुगतात आणि आतडं अडवतात. असा मणी गिळल्याची नुसती शंका आली तरी त्रास सुरू होण्याची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा.