शॉर्टी हेडर्स, ५.३ व्ही८ आणि मिशिगनचा एक हिवाळा

माझ्या शेव्हरोले सिल्व्हराडो पिकअप ट्रकला शॉर्टी हेडर्स (इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या मूळच्या बिडाच्या मॅनिफोल्डऐवजी बसणाऱ्या आखूड स्टीलच्या नळ्या) बसवून आता बरेच महिने झाले, मधे मिशिगनचा एक अख्खा हिवाळा पण गेला, म्हणून आता लिहितोय. बसवल्या बसवल्या लिहिलेल्या रिव्ह्यूवर माझा फारसा विश्वास नाही, तेव्हा आवाज नवा असतो, पैसे नुकतेच गेलेले असतात, सगळंच भारी वाटतं. पहिल्यांदाच सांगून टाकतो, फक्त पॉवर वाढवायला घेणार असाल तर शॉर्टीच्या वाटेला जाऊ नका. एक्झॉस्टची गळती नीट बंद करायची असेल, मागे ट्रेलर ओढायचा असेल आणि तीच गाडी रोज ऑफिसला न्यायची असेल तर मात्र मला यापेक्षा चांगला पर्याय दिसला नाही.

ट्रक २०१२ चा, ५.३ लिटर व्ही८, फोर बाय फोर. कागदावर ३१५ हॉर्सपॉवर आणि ३३५ फूट-पाउंड टॉर्क. उन्हाळ्यात कॅम्पर लावून मॅकिनॉ ब्रिजवरून वर अप्पर पेनिन्सुलाला जातो, आणि गणपतीत मंडळाच्या मखराचं, स्टेजचं सामान यातूनच हॉलवर जातं. म्हणजे शोभेची गाडी नाही, कामाची आहे.

हेडर्सचा विषय निघाला तो टिकटिकीमुळे. सकाळी थंड इंजिन चालू केलं की टिक टिक टिक, आणि गाडी तापली की आवाज गायब. बरेच जण हे ऐकून लिफ्टर (इंजिनाच्या आत व्हॉल्व्ह उचलणारा भाग) गेला म्हणून घाबरतात, पण तापल्यावर थांबणारी टिकटिक बहुतेक वेळा मॅनिफोल्डची असते. आरसा आणि टॉर्च घेऊन फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूचे, म्हणजे ७ आणि ८ नंबर सिलिंडरचे बोल्ट बघा, एखाद्याचं डोकंच जागेवर नसतं आणि फ्लँजशेजारी (बोल्ट लागतात त्या पट्टीशेजारी) काजळी दिसते. कारण साधं आहे. हेड अॅल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड बिडाचा, अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, मग रोज तापणं थंड होणं यात टोकाचे बोल्ट ओढले जातात आणि एक दिवस तुटतात. हे एकाच कंपनीचं नाही, सगळ्याच पिकअप व्ही८ मधे कमीजास्त होतं, आणि आमच्याकडे त्यात मिठाची भर. डेट्रॉईट शहराच्या पोटात सुमारे १२०० फूट खाली मिठाची खाण आहे, हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ ओततात, त्यामुळे गाडीखालचा प्रत्येक बोल्ट गंजानं धरलेला. गळती नुसती आवाजापुरती पण नसते बरं का, ऑक्सिजन सेन्सरच्या आधी भोक असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, कॉम्प्युटरला वाटतं मिश्रण पातळ आहे आणि तो उगाच पेट्रोल वाढवतो.

आता निवड. तसाच बिडाचा नवा मॅनिफोल्ड टाकता येतो, स्वस्त आहे आणि शांत पण. पण बोल्ट काढायचेच आहेत, मेहनत तेवढीच, मग हेडर्स का नको असा विचार केला. खरा प्रश्न लाँग ट्यूब की शॉर्टी. लाँग ट्यूबमधे प्रत्येक सिलिंडरची नळी लांब जाऊन मग एकत्र येते, एका सिलिंडरच्या धुराचा झोत पुढच्याचा धूर ओढून घेतो, त्यामुळे पॉवर खरंच वाढते, विशेषतः वरच्या आरपीएमला, आणि ट्यून केलं तर आणखी. हे मी नाकारत नाही. पण लाँग ट्यूब मूळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या, थोडक्यात कॅटच्या) जागेतच उतरतात. म्हणजे कॅट मागे सरकवा किंवा काढा, वायपाइप (दोन्ही बाजूंचा धूर एकत्र आणणारा पाइप) नवा घ्या, सेन्सरच्या वायरी वाढवा, आणि मग डॅशबोर्डवर पी०४२०, पी०४३० (कॅट नीट काम करत नाही) या कोडचे लाइट. मिशिगनमधे एमिशन टेस्ट नाही की वार्षिक इन्स्पेक्शन नाही, त्यामुळे इथे कोणी बघत नाही म्हणून लोक बिनधास्त कॅट काढतात. मला ते पटत नाही. फेडरल क्लीन एअर अॅक्ट सगळ्या राज्यांना लागू आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ड्राइव्हवेमधे मुलं खेळत असतात, त्या धुरात मला गाडी चालू ठेवायची नाही.

शॉर्टी मूळ मॅनिफोल्डच्या जागी बसतात, खाली मूळचाच पाइप जोडायचा, कॅट आणि सेन्सर जागच्या जागी. घेताना कार्बचा (कॅलिफोर्नियाच्या हवा-प्रदूषण मंडळाचा) ईओ म्हणजे मंजुरीचा नंबर असलेलेच बघा, तुम्ही कॅलिफोर्नियात नसलात तरी. उद्या नोकरीमुळे तिकडे जावं लागलं तर स्मॉग चेकला तोच नंबर विचारतात, आणि नंबर आहे म्हणजे तो पार्ट तपासणीतून गेलाय एवढी खात्री तरी मिळते. जेबीए, गिब्सन, डग थॉर्ली अशी नावं बघितली, शेवटी निवड नावावरून नाही तर तीन गोष्टींवरून केली: फ्लँज जाड हवी, साधारण ३/८ इंच, नाहीतर तापून वाकते आणि परत गळती सुरू. वेल्डिंग आतून साफ हवं. आणि मटेरियल स्टेनलेस. ४०९ ग्रेडचं स्वस्त पडतं पण मिठात वरून तांबूस होतंच, ३०४ महाग पण टिकतं. पेंट केलेलं साधं स्टील बर्फाच्या राज्यात घेऊच नका.

बसवणं घरच्या गॅरेजमधेच केलं, एका नाशिककर मित्राला मदतीला घेऊन. हेडर्स बसवायला वेळ लागत नाही, सगळा वेळ जुनं काढण्यात जातो. आधीचे काही दिवस रोज संध्याकाळी बोल्टवर आणि खालच्या फ्लँजच्या स्टडवर पेनिट्रेटिंग ऑइल मारत होतो, हे सोडू नका, अर्धं काम त्यानं होतं. पुढची चाकं आणि आतलं प्लॅस्टिकचं लायनर काढलं की बाजूनं थेट हात जातो, वरून वाकून कमरेचे हाल करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. स्पार्क प्लग काढा, पण इंजिन पूर्ण थंड असताना, नाहीतर अॅल्युमिनियमचे आटे निघून येतात. उजवीकडची डिपस्टिकची नळी पण सोडवावी लागते. तुटलेल्या बोल्टवर नट ठेवून वेल्ड मारायचा आणि तो गरम असतानाच हळू पुढेमागे करत फिरवायचा, वेल्ड अॅल्युमिनियमला चिकटत नाही त्यामुळे हेडला धोका कमी. पण वेल्डिंगचा हात नसेल तर इथे माणूस बोलवा, ड्रिल तिरकं गेलं तर प्रकरण हेड काढण्यापर्यंत जातं.

बसवताना सगळ्या भोकांत आधी टॅप फिरवून आटे साफ केले, गॅस्केट मल्टिलेअर स्टीलचंच वापरलं. दोन्ही बाजूंचे सहा-सहा बोल्ट आधी हातानं लावून घ्यायचे, एकही आवळायचा नाही, मग मधल्या दोनापासून बाहेरच्या दिशेनं. मूळ मॅनिफोल्डसाठी आकडा आहे पहिल्या फेरीत ११ आणि दुसऱ्या फेरीत १८ फूट-पाउंड, हेडर्सबरोबर आलेल्या कागदावर वेगळा असेल तर तो पाळा. गाडी काही वेळा तापून पूर्ण थंड झाली की परत एकदा टॉर्क रेंच लावायचाच. बहुतेकांची गळती परत सुरू होते ती हे न केल्यामुळे.

आता फरक. टिकटिक गेली ती गेलीच, उणे तापमानात सकाळी स्टार्ट केलं तरी नाही. पिकअप मधल्या आरपीएमला थोडा मोकळा वाटतो, कॅम्पर घेऊन चढ चढताना गिअर थोडा उशिरा खाली पडतो असं मला जाणवतं, पण डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) घातलेली नाही त्यामुळे आकडा सांगणार नाही. मायलेज होतं तेवढंच आहे. आवाज मूळ मफलरवर पण बदलला, नळ्या पातळ असल्यामुळे ऐन स्टार्टला थोडा पत्र्यासारखा येतो आणि गॅस दिला की मस्त जाड होतो, मला आवडतो. एक गोष्ट मात्र कोणी आधी सांगितली नव्हती. या इंजिनात अॅक्टिव्ह फ्युएल मॅनेजमेंट आहे, हायवेला १, ४, ६, ७ हे सिलिंडर बंद होऊन चारावर चालतं, आणि तेव्हा केबिनमधे एक घुमल्यासारखा आवाज येतो जो आधी जाणवत नव्हता. बायकोला त्याचा त्रास होतो, मला नाही. ओबीडी पोर्टला (गाडी तपासायचं मशीन जोडतात त्या सॉकेटला) लावून हा मोड बंद करायचं डिव्हाइस मिळतं, लांबच्या ट्रिपला ते लावतो.

बोनेटखालची उष्णता वाढते हे पण लक्षात ठेवा, बिडाची जाड भिंत गेली आणि पातळ नळी आली. प्लगच्या बुटांवर उष्णतारोधक स्लीव्ह पहिल्याच दिवशी चढवा, वायर नळीला टेकली तर जळते. वसंतात बर्फ गेल्यावर गाडी उचलून सगळं धुतलं आणि बघितलं, ३०४ च्या नळ्या सोनेरी झाल्यात, वेल्डवर कुठे चीर नाही, फ्लँजजवळ काजळी नाही. खालच्या जोडाला मूळचे लोखंडी नट होते ते मात्र गंजायला लागलेत, तिथे आता स्टेनलेसचे मागवलेत.