मणक्याच्या दुखापतीनंतरचे कॅलिपर : वापरानंतरचे मत

माझा धाकटा भाऊ नारळाच्या झाडावरून पडला आणि त्याच्या कमरेचा पहिला मणका मोडला. त्याच्यासाठी आम्ही मिरजेतील एका लहानशा कार्यशाळेत कॅलिपर, म्हणजे लुळ्या पायाला बाहेरून आधार देणारे साधन, बनवून घेतले. मज्जारज्जूची इजा अपूर्ण असल्याने, म्हणजे त्यातून पायांकडे जाणारे संदेश पूर्ण तुटले नसल्याने, त्याच्या पायांत हळूहळू ताकद आली, परंतु ती दोन्हीकडे सारखी आली नाही. उजव्या मांडीचे स्नायू बसल्या जागी गुडघा पूर्ण सरळ करू लागले, म्हणजे स्नायूंची ताकद मोजण्याच्या शून्य ते पाच या मोजपट्टीवर ३ पर्यंत पोहोचले. डावीकडे ती ताकद १ वरच, म्हणजे स्नायू जेमतेम आवळण्यापुरतीच, राहिली आणि दोन्ही घोटे लुळे राहिले.

आधी एका दुकानाने केवळ टेपने माप घेऊन दोन्ही पायांना मांडीपर्यंतचे कॅलिपर सांगितले होते. मिरजेच्या कारागिरांनी मात्र आधी एकेक स्नायू तपासला, फिजिओथेरपिस्टच्या नोंदी वाचल्या आणि उजवीकडे घोट्यापुरता आधार व फक्त डावीकडे गुडघा सरळ धरून ठेवणारा खटका असलेला लांब कॅलिपर पुरेल, असे स्पष्ट सांगितले. त्यांच्या या प्रामाणिकपणाचे मोल मला फार वाटते, कारण स्वतःचा भार पेलू शकणारा गुडघा विनाकारण जखडून ठेवला, तर परतलेल्या ताकदीला कामच उरत नाही.

कॅलिपरची खरी परीक्षा त्वचेवर होते. भावाला डाव्या पोटरीच्या बाहेरील बाजूस स्पर्श कळत नाही, त्यामुळे प्लास्टिक रुतले तरी त्याला ते जाणवत नाही. पहिल्या चाचणीनंतर गुडघ्याखालच्या बाहेरील हाडावर उठलेला लाल वण अर्ध्या तासानंतरही गेला नाही. कारागिरांनी त्या वणावर निळ्या पेन्सिलीने खूण करून कॅलिपर पुन्हा चढवला, आत उमटलेल्या निळ्या ठिपक्यापाशी गरम हवेने प्लास्टिक मऊ केले आणि तेवढाच भाग बाहेर ढकलून खोलगट केला. त्याचे वेगळे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

उणिवाही आहेत. कोकणच्या दमट हवेत आत घाम साचतो, म्हणून सुती मोजा अनिवार्य ठरतो. बूट एक नंबर मोठा घ्यावा लागतो. आणि बसताना एका हाताने वॉकर धरून गुडघा वाकावा म्हणून दुसऱ्या हाताने खटका वर ओढणे भावाला अजूनही अवघड जाते. जमिनीवर बसून जेवणे तर बंदच झाले. घरात आणि अंगणात तो वॉकरने चालतो, पण लांबच्या अंतरासाठी व्हीलचेअरच वापरतो, कारण कॅलिपर घालून चालण्यात फार दम लागतो.

ज्यांचे गुडघे किंवा घोटे आखडलेले आहेत, अथवा उभे केल्यावर ज्यांचा रक्तदाब एकदम उतरतो, त्यांनी आधी फिजिओथेरपी आणि टिल्ट टेबलवरचा (रुग्णाला हळूहळू उभे करणाऱ्या कलत्या पलंगावरचा) सराव करावा व माप त्यानंतरच द्यावे. कॅलिपर हाती आल्यावर पूर्ण रक्कम देण्यापूर्वी पॅरलल बारमध्ये (दोन्ही हातांनी धरायच्या समांतर दांड्यांमध्ये) चालून पाहावे आणि पुढील दुरुस्तीची हमी बिलावर लिहून घ्यावी.