मिथाइलफेनिडेट, नऊ महिन्यांनंतर: ऑफिस खूश, घर जरा नाराज

वय ३८, काम हिशेब तपासायचं, गाव सांगली. एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास, असल्याचं कळलं तेव्हा आई म्हणाली, "लहानपणापासून वेंधळाच आहेस, त्याला इंग्रजी नाव कशाला?" त्यावरचं हे औषध, मिथाइलफेनिडेट, १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेलं, म्हणजे जवळपास तिच्या पिढीचं, हे ऐकून तिची भीती जरा कमी झाली.

आधी ईसीजी, बीपी, घरात कुणाला हृदयाचा त्रास आहे का, काचबिंदू आहे का, अशी चौकशी. मग १० मिलिग्रॅमपासून हळूहळू ३०. गोळी सकाळी एकदाच, आठेक तास टिकणारी.

पहिला आठवडा काहीच वाटलं नाही. मग एका मंगळवारी जीएसटीचं रिटर्न भरताना फोन आला. बोललो, ठेवला आणि त्याच ओळीवर परत आलो. एरवी फोननंतर कपाटातल्या फायली लावत बसलो असतो, मग चहा, मग संध्याकाळ. गोळीने डोपामिन नावाचं रसायन मेंदूत जास्त वेळ रेंगाळतं म्हणतात. हुशारी काही वाढली नाही, रिटर्न भरायला आवडूही लागलं नाही. मनात आलं की लगेच उठायचो, ते थांबलं.

आता भोग. दुपारी डबा उघडायचो, मेथीची भाजी बघायचो, झाकण लावायचो. तीन महिन्यांत ४ किलो गेले. आता गोळीच्या आधीच पोटभर खातो. नाडी ७२ची ८४ झाली. एकदा ११ वाजता घेतली, तर रात्री दोनपर्यंत पंख्याकडे बघत पडलो. चहा पाच कपांवरून दोनवर आणला, ते सगळ्यात जड गेलं.

पण खरी गोची संध्याकाळची. सहाला गोळी उतरते आणि नेमका तेव्हाच मी घरी पोचतो. लेक पाढे म्हणत असते, मी उगाच खेकसतो. एकदा ती बायकोला हळूच म्हणाली, "बाबांची गोळी संपली." फायदा ऑफिसला, तोटा घराला. डॉक्टरांना हे सांगितल्यावर त्यांनी २० वर आणलं. संध्याकाळ निवळली, काम थोडं ढिलं पडलं. ३० चे दिवस आठवतात, खोटं कशाला बोलू.

व्यसनाचं सगळेच विचारतात. डॉक्टरांच्या परवानगीने रविवारी घेत नाही. तल्लफ येत नाही, फक्त दूध उतू जातं. तरी गैरवापर होतो म्हणूनच हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियमांच्या यादीत आहे: चिठ्ठी दोन प्रतींत, एक मेडिकलवाल्याकडे राहते. इथल्या तीन दुकानांत मिळालंच नाही. एकाने तर भर गर्दीत विचारलं, "नशेची का?" आता मिरजेहून आणतो, तीही संपायच्या आठ दिवस आधी आठवण ठेवून. विसरभोळ्या माणसाला ही शिक्षाच!

वरचं बीपी १३० च्या पुढे टिकून राहिलं तर औषध बदलायचा विचार करायचा ठरलंय. वहीत कालचा आकडा १२६ आहे.