काड्या, तराजू की टेम्पोचं भाडं? बीजगणिताची सुरुवात कशाने करावी

सातवी-आठवीचा वर्ग, हाताशी चार-पाच तासिका आणि खर्चाला पैसे नाहीत, असं धरून लिहितो. या तिन्ही कृती मी वर्गात केल्या आहेत. एकच करता येणार असेल तर काड्या घ्या.

आगपेटीच्या काड्यांचे चौकोन एका ओळीत, एकमेकांना चिकटून मांडायचे. एका चौकोनाला ४ काड्या, दोनांना ७, तीनांना १०. मग एकदम विचारायचं, पन्नास चौकोनांना किती? तेवढ्या काड्या कुणाकडेच नसतात, त्यामुळे नियम शोधावाच लागतो. चौकोनांची संख्या क धरली, तर कुणी ४ + ३(क − १) लिहितं. कुणी वरच्या, खालच्या आणि उभ्या काड्या वेगळ्या मोजून क + क + (क + १) म्हणतं. मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, पहिली काडी एकली शे!" म्हणजे पहिली काडी एकटी, मग प्रत्येक चौकोनाला तीन: ३क + १. तिघांचं उत्तर १५१. मग तिन्ही राशी एकच आहेत का, यावर वर्ग भांडतो, आणि कंस सोडवायला पहिल्यांदाच कारण मिळतं. या भांडणाला अख्खी तासिका जाऊ द्या.

तराजू समीकरणासाठी चांगला. 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हे पाठ करण्यापेक्षा दोन्ही पारड्यांतून सारखं वजन उचललेलं डोळ्यांना दिसतं. पण क + ५ = २ आलं की संपलं; उणे वजन कुठून आणणार? दोन तासिकांनंतर तो कपाटात गेलेला बरा.

एक खोड मात्र तिन्हींत टाळा. आपल्याकडे केळी हाताशी, म्हणून 'क म्हणजे केळी, व म्हणजे वांगी, म्हणून ३क + २व ची बेरीज होत नाही' असं सांगायचा मोह होतो. मीही वर्षानुवर्षं तेच सांगितलं. पुढे क हा केळ्यांचा भाव किंवा संख्या असतो, तेव्हा पोरं ५क म्हणजे 'पाच केळी' वाचतात. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात अज्ञाताला 'यावत्तावत्' म्हटलं, म्हणजे जेवढं असेल तेवढं. पुढच्या अज्ञातांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं. वस्तूशी संबंधच नाही. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगाव तालुक्यात पाटणला आहे. सहल काढायचीच असेल तर तिथे काढा.

टेम्पो मात्र पुढच्या, नववी-दहावीच्या वर्गांसाठी. आकडे माझे आहेत: एक टेम्पोवाला ५०० रुपये ठरावीक आणि किलोमीटरला १२ घेतो, दुसरा २०० आणि किलोमीटरला १७. जळगावहून भुसावळ साधारण २५ किलोमीटर: पहिल्याचे ८००, दुसऱ्याचे ६२५. धुळं साधारण ९०: १५८० आणि १७३०. स्वस्त टेम्पो बदलला! मग कुठे बदलला? आलेखावर दोन रेषा ६० किलोमीटरला छेदतात, भाडं १२२०. दहावीच्या गणित भाग १ मधलं पहिलंच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचं आहे, त्यामुळे हा वेळ अभ्यासक्रमाबाहेर जात नाही.

टेम्पोच्या प्रश्नाची अडचण एकच, मजकूर लांब होतो. घरी अहिराणी बोलणारी मुलं गणितात नाही, वाक्यात अडकतात. म्हणून प्रश्न फळ्यावर लिहिण्याआधी एका मुलाला तो त्याच्या भाषेत वर्गाला सांगायला लावतो.